निबंधाची जीटी : परदेशी शिक्षणाच्या क्लासचालकांना खुले पत्र

प्रति,
जीआरईची, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करून घेणारे पुण्यातले आणि पुण्याबाहेरचे सर्व क्लासचालक

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी निदान चार जणांकडे मी गेली बारा वर्षं निबंध तपासले. त्यामुळे मी कोण हे तुम्हाला ठाऊक आहे. पण हे पत्र मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं अशी इच्छा आहे, म्हणून थोडक्यात सांगते. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचे. २०१३ पासून संध्याकाळी तुमच्या क्लासमध्ये येऊन ‘ॲनालिटिकल रायटिंग’चे, म्हणजे मुलांच्या भाषेत एडब्ल्यूएचे, निबंध तपासत आले. लाल पेन वापरत नाही, पेन्सिल वापरते. माझं म्हणणं पटलं नाही तर मुलाला ते खोडता यावं, एवढाच हेतू.

मेच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्यापैकी एकांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. ‘मॅडम, जूनच्या बॅचपासून एडब्ल्यूएची लेक्चर्स बंद करतोय. मुलांना टेम्प्लेटची पीडीएफ देणार, तपासायला सॉफ्टवेअर घेतलंय. तुमचं मागचं पेमेंट शनिवारपर्यंत होईल.’ पेमेंट शनिवारी झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच पंधरवड्यात आणखी दोन क्लासकडून जवळपास हेच शब्द आले. निरोपसुद्धा टेम्प्लेटमधून निघाला असावा अशी मला शंका आहे.

‘बाईंच्या पोटावर पाय आला म्हणून ओरडतायत’ असं तुम्ही म्हणाल, तेव्हा ते आधीच निकालात काढते. एका निबंधाचे मला सत्तर रुपये मिळायचे. पेन्शन आहे, घर आहे. सत्तर रुपयांसाठी कोणी एवढं लांब पत्र लिहीत नाही.

ती पीडीएफ मी मागवून घेतली. अकरा पानं आहेत. पहिला परिच्छेद तयार, मधे गाळलेल्या जागा. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य तयार. ‘कोणत्याही विषयाला चालणारी उदाहरणं’ या मथळ्याखाली आइन्स्टाइन, स्टीव्ह जॉब्ज, महात्मा गांधी, डॉ. कलाम आणि राइट बंधू. समारोप तयार. आणि नवव्या-दहाव्या पानावर ‘आर्ग्युमेंट’ निबंधाचा, म्हणजे दुसऱ्याचा युक्तिवाद तपासायच्या निबंधाचा, साचा. आता सप्टेंबर २०२३ पासून जीआरईत आर्ग्युमेंट निबंध येतच नाही. परीक्षा दोन तासांच्या आत आणली तेव्हा तो काढून टाकला. ‘इश्यू’चा, म्हणजे दिलेल्या विधानावर स्वतःचं मत मांडायचा, एकच तीस मिनिटांचा निबंध उरला. म्हणजे जो निबंध परीक्षेतच नाही, तोसुद्धा मुलं रात्री बारापर्यंत पाठ करत बसणार. पीडीएफ कोणी उघडून वाचली असती तर हे लक्षात आलं असतं.

माझ्या हातून गेलेली शेवटची बॅच एप्रिलची. विषय होता ईटीएसने, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेने, जाहीर करून ठेवलेल्या यादीतलाच एक: प्रश्न सोडवण्यासाठी माणसं तंत्रज्ञानावर जसजशी अधिक विसंबू लागतील, तसतशी त्यांची स्वतः विचार करण्याची ताकद नक्कीच खालावत जाईल. बेचाळीस निबंध आले. त्यांपैकी एकतीस निबंधांचं पहिलं वाक्य अक्षरशः एक होतं. स्वतः विचार करण्याची ताकद खालावणार नाही, असं ठामपणे सांगणारी एकतीस मुलं, आणि सांगायला एकच वाक्य. एकाने तर गाळलेली जागा भरायची राहूनच गेली होती. ‘इथे विषय लिहा’ हे शब्द तसेच, चौकटी कंसासकट, माझ्यापर्यंत पोचले. मी पेन्सिलीने शेजारी लिहिलं, ‘आज्ञा पाळली नाही’.

हसले मी तेव्हा. पण पुढच्या निबंधात ‘आर्ग्युमेंट’ या शब्दात इंग्रजी ‘यू’नंतर एक जादाचं ‘ई’ दिसलं. त्याच्या पुढच्यातही. सात निबंधांत तेच जादाचं ‘ई’, त्याच वाक्यात. जीआरईच्या संगणकावर स्पेलिंग तपासणारी सोय नसते, म्हणून क्लासमध्येही आपण ती बंद ठेवतो. त्यामुळे चूक अंगावर आली. मी ओळखली ती. माझीच होती.

इथे कबुली देते. २०१३ मध्ये एका बॅचला परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती, आणि मराठी माध्यमातून आलेली पाच-सहा मुलं कोऱ्या पडद्यापुढे बसून घामाघूम व्हायची. त्यांच्यासाठी मी घरी दोन पानं टाइप केली. सुरुवात कशी करावी, दुसरी बाजू कुठे आणावी, शेवट कसा आवरावा, आणि प्रत्येकाचं एक-एक नमुन्याचं वाक्य. वाटलं होतं, सायकलला लावतात तशी बाजूची चाकं आहेत, तोल आला की मुलं काढतील. ती पानं झेरॉक्सच्या दुकानात गेली, तिथून दुसऱ्या क्लासमध्ये, मग कोणीतरी स्कॅन केली. नमुन्याची वाक्यं हीच उत्तराची वाक्यं झाली. बारा वर्षांनी माझं वाक्य माझ्याच टायपिंगच्या चुकीसकट माझ्याकडेच तपासायला आलं, आणि त्याला किती गुण द्यावेत हे मला कळेना. तेव्हा हे पत्र लिहिणारी बाई सोवळ्यात नाही, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

तुमच्याकडे येणारी बहुतेक मुलं इंजिनिअरिंगची. त्यांना जीटी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पालकांसाठी सांगते: ग्लास ट्रेसिंग. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर मित्राची पूर्ण झालेली ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी, आणि रेघ अन् रेघ उतरवून घ्यायची. होस्टेलमध्ये सबमिशनच्या आदल्या रात्री हे चालतं, सरांनाही माहीत असतं, आणि शीटवर सही होते. असाइनमेंटही छापलेल्या, जर्नलही छापलेलं. त्याआधी दहावीला ‘सूर्य उगवला नसता तर’ आणि ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ गाइडातून पाठ केलेलं. म्हणजे तुमच्या दारात येणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाने आजवर स्वतःच्या मनातलं एक पानसुद्धा लिहून कोणाला वाचायला दिलेलं नसतं. यात तुमचा दोष नाही. पण जीआरईचा हा अर्ध्या तासाचा निबंध ही त्याच्या आयुष्यातली पहिली जागा असते जिथे ‘तुला काय वाटतं?’ असा प्रश्न आहे, आणि तिथेही तुम्ही काचेखाली दिवा लावून दिलात.

लातूरच्या एका मुलाची गोष्ट सांगते. मागच्या वर्षीच्या बॅचचा. विषय आला होता: समाजाची महत्त्वाची वैशिष्ट्यं समजून घ्यायची तर त्याच्या मोठ्या शहरांचा अभ्यास करायला हवा. याने साच्यात न्यूयॉर्क आणि टोकियो भरलं होतं. दोन्ही ठिकाणी तो गेलेला नव्हता, मीही नाही. मी विचारलं, ‘तू कुठला रे?’ लातूर म्हणाला. ‘२०१६ ला काय करत होतास?’

‘सातवीत होतो मॅडम. घागर घेऊन उभा होतो.’

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: त्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. हे सगळं पेपरात आलं होतं. या मुलाने जे सांगितलं ते पेपरात नव्हतं. टँकर कधी येणार हे कोणालाच माहीत नसायचं, म्हणून लोक स्वतः न थांबता रांगेत घागर ठेवून जायचे; घागर नसेल तर चप्पल. चपलेचा नंबर धरला जायचा. पण ज्यांच्या घरी ठेवायला जादाची घागर नाही आणि पायातली चप्पलही एकच, त्यांना उन्हात स्वतः उभं राहावं लागायचं. कोणाची चप्पल कोणी सरकवली, कोणाची सरकवायची कोणाची हिंमत नव्हती, हे तो बाराव्या-तेराव्या वर्षी बघत होता. वीस मिनिटं बोलला, अर्थात मराठीत. शेवटी म्हणाला, ‘मॅडम, समाज बघायचा तर शहर बघून काय होतंय, रांग बघायला पाहिजे.’

मी पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, हेच लिही.

लिहिलं त्याने. इंग्रजी तुटकं होतं, दोन ठिकाणी काळ घसरला होता, ‘घागर’ला काय म्हणायचं यावर पाच मिनिटं गेली. पण तो निबंध वाचल्यावर दुसऱ्या दिवशी आठवत होता. बारा वर्षांत असे किती निबंध आठवतात, हे मला विचारू नका.

परीक्षेच्या दिवशी मात्र त्याने न्यूयॉर्क आणि टोकियोच लिहिलं. आदल्या दिवशी क्लासमधून सांगण्यात आलं होतं, ‘रिस्क घेऊ नको.’ त्याला चार गुण मिळाले, सहापैकी. पेढे घेऊन आला. आता तिकडे आहे, बरं चाललंय म्हणतो.

म्हणजे तुमची पीडीएफ जिंकली. हे मी लपवून ठेवलं असतं तर पत्र जास्त परिणामकारक झालं असतं, पण मग मीही तुमच्यासारखंच उदाहरण सोयीने भरलं असतं. साचा कधीकधी चालतो. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती आता क्रमाने मांडते.

पहिली तक्रार, आणि माझ्या लेखी सगळ्यात गंभीर: तुम्ही मुलांना नियम सांगत नाही. ईटीएसने ते लेखी जाहीर केलेले आहेत. प्रत्येक निबंध इतर निबंधांशी जुळतो का हे पाहणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो. दुसऱ्या निबंधांशी लक्षणीय साम्य असलेला मजकूर सापडला तर गुण रद्द करण्याचा अधिकार त्यांनी राखून ठेवला आहे. आणि निबंधाचे गुण हे संपूर्ण परीक्षेचा अविभाज्य भाग असल्यामुळे, निबंध रद्द झाला की क्वांट (गणिताचा भाग) आणि व्हर्बल (इंग्रजीचा भाग) यांचे गुणही रद्द. क्वांटला १७० पैकी १६८ असोत नाहीतर पूर्ण १७०. पालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. परीक्षेची हजारो रुपयांची फी गेली, पुन्हा बसायचं तर निदान एकवीस दिवस थांबा, आणि तोवर अर्जाची तारीख उलटून गेलेली. तुमच्याच छपरांखाली आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेचेही वर्ग चालतात. त्या परीक्षेच्या जाहीर निकषांत तर पूर्णपणे पाठ केलेलं उत्तर सिद्ध झालं तर शून्य बँड, म्हणजे शून्य गुण, असं स्पष्ट म्हटलं आहे. एकाच शहरातल्या शेकडो मुलांच्या हाती एकच पीडीएफ देताना ही जोखीम कोणाच्या डोक्यावर ठेवली जाते? तुमच्या नक्कीच नाही. तुमचा फ्लेक्स ‘३२०+’वाल्यांचे, म्हणजे क्वांट-व्हर्बल मिळून ३४० पैकी ३२०च्या वर गेलेल्यांचे, फोटो घेऊन चौकात उभाच असतो. रद्द झालेल्याचा फोटो कोण लावणार?

आणि हे साचे ओळखू येत नाहीत अशा भ्रमात राहू नका. दावे आणि पुरावे बाजूला काढले की मांडणीची जी भाषा उरते, तिला ईटीएसच्या संशोधकांनी ‘शेल’ असं नाव दिलं, आणि ती संगणकाने कशी हुडकावी यावर २०१२ मध्येच शोधनिबंध लिहिला. आपल्याकडे त्याला करवंटी म्हणता येईल. तुम्ही मुलांना करवंट्या विकताय आणि समोरच्याला नारळ हलवून बघता येतो.

दुसरी तक्रार खोटेपणाची. पीडीएफच्या सहाव्या पानावर दोन ‘सर्वेक्षणं’ आहेत. नामांकित विद्यापीठाचं नाव, वर्ष, टक्केवारी, आणि विषयाच्या जागी रिकामी रेघ. शिक्षण असो, पर्यावरण असो, सरकारी खर्च असो, टक्के तेवढेच. असं कोणतंही सर्वेक्षण झालेलं नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि मुलांनाही. मी एकदा एका मुलीला विचारलं, हे कुठे वाचलंस? ती शांतपणे म्हणाली, ‘सर म्हणाले, तिकडे फॅक्ट चेक करत नाहीत.’ खरं आहे, परीक्षक आकडे पडताळत बसत नाहीत. पूर्वी सॅट या अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत २००५ साली निबंध आला, तेव्हाही परीक्षकांना तथ्यांच्या चुकांकडे दुर्लक्ष करायची सूचना होती. अमेरिकेतल्या एमआयटीत लेखन शिकवणाऱ्या लेस पेरेलमन यांनी तेव्हाच त्यावर टीका केली होती, आणि निबंध जितका लांब तितके गुण जास्त, हेही दाखवून दिलं होतं. पण पकडलं जात नाही म्हणून बावीस वर्षांच्या पोरीला खोटं सर्वेक्षण लिहायला शिकवायचं? हीच मुलगी पुढे संशोधन करायला निघाली आहे. प्रयोगाचे आकडे हवे तसे आले नाहीत की तिने काय करायचं, याचा पहिला धडा तुम्ही दिलात. फी घेऊन.

तिसरी तक्रार तांत्रिक आहे, पटकन सांगते. इश्यू निबंधाखाली सूचना असते, आणि ती दर वेळी एकच नसते. सहा प्रकारच्या सूचना आहेत. कधी ‘तुम्ही कितपत सहमत आहात’ एवढंच, कधी ‘तुमच्या मताला आव्हान देणारी कारणं विचारात घ्या’, कधी ‘ही शिफारस कोणत्या परिस्थितीत फायद्याची आणि कोणत्या परिस्थितीत नाही’. तुमचा साचा पहिल्या प्रकारासाठी बेतलेला आहे. बाकी पाचांत मूल न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन येतं आणि मग म्हणतं, एवढं लांब लिहिलं तरी तीनच कसे.

चौथी तक्रार त्या सॉफ्टवेअरची. जीआरईत निबंध एक प्रशिक्षित माणूस वाचतो आणि ई-रेटर नावाचा संगणक प्रोग्राम त्याला गुण देतो. दोघांचं जवळपास जुळलं तर सरासरी, नाही जुळलं तर दुसरा माणूस वाचतो. म्हणजे त्यांनीसुद्धा माणूस काढलेला नाही. तुम्ही काढलात. ई-रेटर वीस सेकंदांत सोळा हजार निबंध तपासू शकतो, असं ईटीएसच्याच एका अधिकाऱ्याने २०१२ मध्ये सांगितलं होतं. मला एकाला बारा ते पंधरा मिनिटं लागतात. स्पर्धा सोडलीच मी. पण वर उल्लेख केलेल्या पेरेलमन यांनी २०१४ मध्ये एमआयटी आणि हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांना घेऊन ‘बेबल’ नावाचं यंत्र बनवलं. तीन शब्द द्यायचे, ते अर्थहीन पण भारदस्त इंग्रजीत निबंध ओकून देतं. त्या निरर्थक निबंधांना ई-रेटरने वरचे गुण दिले. नामांकित संस्थेच्या प्रोग्रामची ही कथा, तर तुम्ही वर्गणी भरून घेतलेल्या सॉफ्टवेअरने लातूरच्या रांगेचं काय केलं असतं? ‘चप्पल’ला लाल रेघ मारली असती.

‘एडब्ल्यूए कोण बघतंय मॅडम’ हे तुमचं पेटंट वाक्य मी बारा वर्षं ऐकलं आहे. ३४० मध्ये त्याचे गुण धरत नाहीत, हे खरं. पण आणखी एक खरं आहे जे डेमो लेक्चरमध्ये सांगितलं जात नाही: ज्या विद्यापीठांना मूल गुण पाठवतं, त्यांना नुसता आकडा नाही, परीक्षेत लिहिलेला तो निबंधही पाहता येतो. प्रत्येक प्राध्यापक पाहतोच असं नाही. पण एसओपी, म्हणजे अर्जासोबत जोडायचा स्वतःबद्दलचा लेख, काउन्सेलरने लिहिलेला, आणि निबंध करवंटीतला, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं कोणी ठरवलं तर त्या मुलाचा स्वतःचा म्हणावा असा एक शब्दही त्याच्या अर्जात सापडणार नाही. (एसओपीच्या साच्यांवर वेगळं पत्र लिहावं लागेल. ‘लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे की महाराष्ट्रात लहानपणी कोणी गोट्या खेळलंच नसावं.)

तसं पाहिलं तर लिहिण्याची परीक्षा चहूकडे आकसतेच आहे. सॅटचा निबंध २०२१ मध्ये गेला. टोफेल या इंग्रजी भाषेच्या परीक्षेचा जुना स्वतंत्र निबंध जुलै २०२३ मध्ये गेला, त्या जागी दहा मिनिटांचं चर्चेतलं उत्तर आलं. जीमॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये निबंधाशिवायच आली. त्यांनी कारणं आपापली दिली आहेत. साच्यांनी निबंधातला अर्थ आधीच शोषून घेतला होता, हेही त्यातलं एक असावं अशी माझी आपली समजूत आहे. जीआरईचा उरलेला अर्धा तासही उद्या गेला तर तुमचं एक लेक्चर कमी होईल. मुलाला ‘तुला काय वाटतं’ हे पुन्हा कोणी विचारेल का, मला माहीत नाही.

आता तुमच्या बाजूचंही बोलते. तुमच्यापैकी एक सर मला म्हणाले होते, ‘मोदकालासुद्धा साचा लागतोच की मॅडम.’ लागतो, कबूल. हाताने पाकळ्या पाडता येत नाहीत त्याने साचा घ्यावा; आमच्या घरीही दोन आहेत. पण सारण घरचं असतं. मांडणीला माझा विरोध कधीच नव्हता. कीर्तनातही पूर्वरंग, मधला नामगजर, उत्तररंग हे ठरलेलं असतं आणि त्याला कोणी नावं ठेवत नाही, कारण बुवा दर वेळी त्याच अभंगातून काहीतरी वेगळं काढतील या आशेने माणसं मांडी घालून बसतात. परभणीहून, गडचिरोलीहून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला आधार लागतो. तो देऊ नका असं मी म्हणत नाही. पहिला आधार मीच टाइप केला होता. परिच्छेद कसे लावायचे ते शिकवा. परिच्छेदात काय घालायचं ते त्याचं त्याला शोधू द्या.

फीचं गणितही मला कळतं. जागेचं भाडं, ऑनलाइन क्लासची स्पर्धा, पॅकेजमध्ये सगळं हवं पण पैसे कमी हवे असं म्हणणारे पालक. निबंध तपासणं हे एकमेव काम असं आहे जे शंभर मुलांना एकदम करता येत नाही. म्हणून कात्री पहिली तिथे लागली, हे समजतं. पटत मात्र नाही.

तेव्हा माझ्या मागण्या.

गुण रद्द होण्याचा नियम प्रवेशाच्या फॉर्मवर, मराठीत आणि इंग्रजीत, ठळक छापा, आणि त्याखाली पालकांची सही घ्या. फीच्या हप्त्यांवर घेता तशीच.

खोटी सर्वेक्षणं असलेलं पान आजच काढा. यावर चर्चा नको.

प्रत्येक मुलाचे निदान चार निबंध माणसाकडून तपासून घ्या. मी नको, दुसरं कोणी चालेल. शहरात इंग्रजी आणि मराठीही येणारे निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांपैकी एका निबंधाबद्दल मुलाशी पंधरा मिनिटं बोलायला लावा, आणि ते बोलणं मराठीत झालं तरी चालू द्या. मुद्दा आधी सापडू दे. इंग्रजी त्यानंतरचं काम आहे.

‘एडब्ल्यूए ४ गॅरंटीड’ हे जाहिरातीतून उतरवा. ठेवायचंच असेल तर तुमच्या पीडीएफमुळे एखाद्याचे गुण रद्द झाले तर क्लासची फी आणि पुन्हा परीक्षेला बसण्याची फी तुम्ही भराल, हेही त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा.

मुलांकडे एकच मागणं. पीडीएफ हाती आलीच असेल तर वाचा, मिटवा, आणि मग अर्धा तास घड्याळ लावून स्वतः लिहा. उदाहरणासाठी राइट बंधूंना त्रास देऊ नका. तुमच्या गावात काय झालं ते आठवा. सांगली-कोल्हापुरात २०१९ च्या पुरात पहिल्या मजल्यावर राहिलेली मुलं माझ्याकडे येऊन नेल्सन मंडेलांवर लिहून गेली आहेत.

आणि क्लासचालकहो, एक शेवटची, वैयक्तिक विनंती. माझी ती २०१३ ची दोन पानं तुमच्या कपाटात, ड्राइव्हवर, जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुठेतरी असणारच. काढून टाका. ओळखायची खूण सोपी आहे: तिसऱ्या ओळीत ‘आर्ग्युमेंट’ आहे, आणि त्यात एक ‘ई’ जास्त आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पेन्सिलवाल्या मॅडम